गाऊनला जुळणारा रंग

कंपनीचा माणूस गेल्या महिन्यात पुन्हा पार्लरमध्ये येऊन गेला. गोड बोलला. "मॅडम, तुमच्या यंत्रात जुनीच प्रणाली आहे. नवी टाकून घ्या, फुकट आहे. जुनीत एक चूक होती, ती आम्ही दुरुस्त केलीय." मी म्हटलं, चूक कुणाची होती ते मला चांगलं ठाऊक आहे, यंत्राची नव्हती. तुमची दुरुस्ती तुमच्याजवळ ठेवा. तो हसला, बायकांना यंत्रातलं काय कळतंय अशा थाटात हसला. मग मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. कोल्हापुरात दारातल्या माणसाला चहा न विचारता परत पाठवणं म्हणजे मनात काय असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

मी शर्वरी चौगुले. राजारामपुरीत माझं पार्लर आहे, नवऱ्या सजवणं हे माझं काम. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि हात हलका आहे हेही माहीत आहे, म्हणून येतात. हल्ली हाताला तसं काम कमीच राहिलंय. सगळं साय करते.

आता साय म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुधावरच्या सायीएवढा पातळ पडदा असतो तो. चेहऱ्यावर आणि गळ्यावर ठेवला की चिकटतो. घामानं निघत नाही, पाण्यानं निघत नाही, खास तेल लावून हळूहळू सोडवावा लागतो. त्यात रंगाचे कण असतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. फोनवरून हुकूम दिला की ते वर येतात नाहीतर खाली बसतात. चेहऱ्याचा रंग बदलतो तो असा.

पण खरी गंमत वेगळीच आहे. माणसाच्या चेहऱ्याचा रंग नुसत्या वरच्या कातडीचा नसतो. वर सावळा-गोरा करणारा थर आणि त्याच्या खाली वाहणारं रक्त, दोन्ही मिळून तो रंग होतो. पूर्वी आम्ही वरचा थर लिंपून टाकायचो, म्हणून नवऱ्या चुना दिलेल्या भिंतीसारख्या दिसायच्या. साय लिंपत नाही. ती कातडीच्या आत एक उजेड सोडते. तो रक्ताला लागून परत येतो, आणि कुठं किती रक्त आहे, किती खोल आहे, ताजं आहे की शिळं, हे तिला समजतं. ट्रायलच्या दिवशी ती असा सगळा चेहरा वाचून ठेवते. त्याला आम्ही मूळ चेहरा म्हणतो. मग समारंभाच्या दिवशी ती कपडा बघते. हल्लीच्या भारी कपड्यांच्या शिवणीत एक धागा असतो, तो सायीला आपला रंग सांगतो. त्या कपड्याला जुळणारा जो रंग बाईच्या मूळ चेहऱ्यातच आहे, तो साय वर आणते आणि बाकीचे दाबते. बाहेरून काहीही आणत नाही. म्हणून लोक म्हणतात, मेकअप केलाय असं वाटतसुद्धा नाही.

माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला, तेव्हा नवरीला सजवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

धैर्यशील माझा जीव की प्राण. वडील लवकर गेले, आई दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात शिवायला बसायची, त्यामुळं त्याला वाढवलं ते मीच. लहान असताना मामाच्या गुऱ्हाळात त्याचा उजवा हात चरकात गेला. अनामिका अर्धी तुटली. मी त्याचा हात माझ्या ओढणीत गुंडाळला, त्याला कडेवर घेतलं आणि उसाच्या चिखलातून फाट्यापर्यंत अनवाणी पळाले. हात वाचला, बोट तेवढं अर्धंच राहिलं. पुढं त्यानं स्वतःचा कारखाना उभा केला, मोटारींचे भाग ओततो. मला त्याचा इतका अभिमान होता की गिऱ्हाइकं कंटाळायची.

नवरी अवनी इंगवले, जनावरांची डॉक्टर. वडील दूध संघाच्या टँकरवर होते. दिसायला नाजूक, पण गोठ्यात शिरली की गडी माणसं बाजूला होतात म्हणे. मला ती बघताक्षणी आवडली. आईला तेवढी आवडली नाही, शेणाचा वास येतो म्हणाली. मी म्हटलं, दूध पिताना येत नाही का वास?

ट्रायलला दोघं मिळूनच आली. त्याची नवी गाडी, चालक नसलेली, दारात आपली आपण उभी राहिली. तो गाऊनचा खोका घेऊन उतरला. ती मागनं उतरली.

"वाईन कलर फायनल," तो म्हणाला. "माझ्या सूटला मॅच होतो. ताई, तूच समजावून सांग हिला, हिरवा हिरवा करून डोकं खाल्लंय."

"हिरवा छान दिसेल की तिला," मी म्हटलं.

"ताई, वाईन," अवनी घाईघाईनं म्हणाली. "वाईनच. मला पण आवडला."

खोका उघडला. जांभळाकडं झुकणारा गडद लाल रंग, खांद्यापाशी रुंद गळा, झुळझुळीत कापड. वाईट नव्हता. धैर्या फोनवर बोलत बाहेर गेला आणि मी तिला खुर्चीत बसवलं. चेहरा पुसायला हात लावला, तर डावा गाल चटका बसेल असा गरम.

"हे काय गं?"

"म्हशीनं डोकं हापटलं, ताई. लस देताना."

"एवढे बैल आवरतेस, आणि म्हशीनं मारलं?"

"बैलाचं सोपं असतं. नाकपुड्यांत दोन बोटं घालायची आणि मधला पडदा चिमटीत धरायचा. केवढाही असू दे, गुडघ्यावर येतो." ती हसली, पण एकाच बाजूनं. "म्हशीनं नाक धरू दिलं नाही."

आता आमच्या भागात म्हशीचा मार न खाल्लेलं घर सापडायचं नाही. मला स्वतःला लागलाय, माझ्या मावशीचा दात गेलाय. गालावर अजून काही दिसत नव्हतं, नुसता तांबूसपणा होता. मी साय ठेवली. यंत्रानं चेहरा वाचला आणि आपल्या गोड आवाजात विचारलं, "डाव्या गालाखाली आणि गळ्याखाली रक्त जास्त आहे. हा मूळ रंग समजायचा का?"

बाहेर दोन नवऱ्या ताटकळत होत्या. तरुण पोरीच्या गालात रक्त जास्त असायचंच, असं माझ्या मनानं घेतलं. "समज की," मी म्हटलं. बाकीचं यंत्रानं आपलं आपण उरकलं.

साखरपुडा पंधरवड्यानं होता, पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉलमध्ये, दिवेलागणीला. स्टेजमागं भिंतीएवढा पडदा, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही अंगठी घालताना दिसावी. नवरीची खोली स्टेजला लागूनच. मी पंजाबी ड्रेसवर काम करत होते, साडी नंतर नेसायची होती. अवनीचा गाल आता स्वच्छ होता. मधले दिवस ती कुठल्या तरी लसीकरणाच्या शिबिराला गेली होती, कुणाला भेटली नव्हती. मी साय ठेवली, कडा बसवल्या, तिला गाऊन घातला, पाठीमागची चेन ओढली आणि तिला आरशाकडं वळवलं.

सायीला गाऊनचा रंग कळायला थोडा वेळ लागतो. ओठ गडद झाले. पापण्यांवर सावली आली. मी म्हटलं, वा, पोरी, नजर काढली पाहिजे तुझी.

मग डाव्या गालात जांभळा रंग वर यायला लागला.

आधी एक पट्टा उमटला, गालाच्या हाडावर. मग त्याच्या खाली दुसरा. मला वाटलं यंत्र बिघडलं. तेवढ्यात तळव्याची कड उमटली, हनुवटीपासून वर गेलेली. चार बोटं कानाकडं पसरलेली, अंगठा डोळ्याखाली. गाऊनच्याच रंगाची, अगदी हुबेहूब, शिंप्यानं कापडाचा तुकडा लावून बघावा इतकी जुळणारी. आणि वरून तिसरं बोट अर्ध्यातच संपलेलं.

मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. ते बोट मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ते तुटलं तेव्हा त्याचं रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. थप्पड बसली की आतल्या बारीक नसा तुटतात, रक्त आतच सांडतं. वर यायला त्याला एक-दोन दिवस लागतात. माणसाच्या डोळ्याला ते तोवर दिसत नाही, सायीच्या उजेडाला लगेच दिसतं. ट्रायलला ती आली ती मार खाऊन, ताजा ताजा. यंत्रानं विचारलं, हा मूळ रंग का, आणि मी हो म्हणाले. वळ पंधरा दिवसांत जिरून गेला. पण सायीनं जपून ठेवला, आणि गाऊनला जुळणारा रंग शोधताना तिला चेहऱ्यात सगळ्यात जवळचा तोच सापडला.

"म्हशीला बोटं नसतात, अवनी," मी म्हटलं.

ती आरशात बघत होती. रडली नाही. "गाडी आपली आपण चालली होती, ताई," ती म्हणाली. "त्याचे दोन्ही हात मोकळे होते. मी म्हटलं, एक दिवस मला हिरवा घालू दे. तेवढंच म्हटलं."

"एकदाच?"

"एकदाच. परत नाही करणार म्हणालाय."

मी तिच्या गळ्याकडं बघितलं. गाऊनच्या रुंद गळ्यात, कंठाच्या एका बाजूला, एक अंगठ्याएवढा डाग वर येत होता. तो जांभळा नव्हता, पिवळट-हिरवा होता. रक्त शिळं झालं की असा रंग येतो. ट्रायलच्या आधीचा होता तो, आठवड्याभराचा तरी; फिकट म्हणून मला तेव्हा दिसला नव्हता, सायीनं मात्र वळाच्या रक्ताबरोबर तोही वर आणला. मी त्यावर बोट ठेवलं. तिनं डोळे मिटले.

"पुसा ना, ताई. बाहेर माझे बाबा बसलेत. सगळी भावकी आलीय. तुम्ही फोनवरनं पुसू शकता, मला माहीत आहे. पुसा."

पुसता येत होतं. एका बटणाचं काम. मूळ चेहरा काढून टाका, असं बटण असतंच. माझा अंगठा त्यावर गेला, खोटं का बोलू. मनात आलं, त्याला बाजूला घेऊन दोन कानाखाली देईन, समजावीन, आपलाच आहे. मग मनात आलं, हिच्या गळ्यावर अंगठा रुतला तेव्हाही तो आपलाच होता. मला माझीच किळस आली.

तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. वाईन रंगाचा सूट, अत्तर, चेहरा हसरा. "झालं का? भटजी बोलावतायत."

मग त्यानं तिच्याकडं बघितलं. हसू एकदम गेलं. त्यानं मागं हात करून दाराला कडी घातली.

"हे काय केलंयस तू?" तो तिला म्हणाला, हळू आवाजात. "मुद्दाम केलंस? माझ्या साखरपुड्यात?"

"धैर्या, यंत्रानं—" मी बोलायला गेले.

"तू गप बस, ताई." तो तिच्यापाशी पोचला होता. त्यानं तिची हनुवटी पकडली आणि गालावरची साय नखानं सोलायला लागला. साय तशी निघत नाही. ती निघते ती कातडी घेऊन निघते. कानापाशी टर्रकन फाटल्याचा आवाज आला आणि रक्ताचा थेंब गाऊनवर पडला. अवनी ओरडली नाही. घशातल्या घशात काहीतरी म्हणाली, तेवढंच.

मी त्याचा दंड धरला. त्यानं बघितलंसुद्धा नाही, नुसता हात मागं भिरकावला. उलटा हात माझ्या तोंडावर बसला. मी आरशावर गेले. आरसा फुटला, खांद्यात काच घुसली, तोंडात रक्ताची चव आली. एक दात हलतोय हे जिभेला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर त्याचा हात उठला होता. आणि मला वाटलं, असं लागतं होय. इतक्या जोरात लागतं.

"बघ तुझ्यामुळं काय झालं," तो अवनीला म्हणाला. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला. त्यानं तिला केसांना धरलं आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. बाटल्या खाली पडल्या, फुटल्या. त्यानं डाव्या हातानं दुसऱ्यांदा डोकं उचललं, उजवा मारायला उगारला.

टेबलावर स्ट्रेटनर लावून ठेवलेला होता, तापलेला. मी तो उचलला आणि त्याच्या उजव्या हाताच्या तळव्यावर दाबला. चरचर आवाज झाला. मांस जळल्याचा वास आला. मी तो काढला नाही. तो किंचाळला, केस सुटले, आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्या बरगडीवर आली. माझा श्वासच थांबला. मी खाली पडले. त्यानं लाथ मारायला पाय उचलला.

अवनी टेबलावरनं उठली. अर्धी साय गालाला लोंबत होती, कपाळ फुटलं होतं. तिनं घाई केली नाही. डाव्या हातानं त्याच्या मानगुटीला धरलं आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या नाकपुड्यांत घातली. चिमूट आवळली आणि खाली ओढली.

एवढा सहा फुटांचा गडी गुडघ्यावर आला. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं रक्त, हात हवेत. सुटायला बघितलं की ती बोटं पिळायची आणि तो हंबरायचा. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. जनावराला सुई टोचेपर्यंत धरून ठेवतात, तशी उभी होती. "हलू नको," ती म्हणाली. "हललास तर फाटेल."

बाहेरनं दार वाजायला लागलं. "धैर्या, शर्वरी, काय चाललंय?" आईचा आवाज होता. मी रांगत जाऊन कडी काढली. आई आत आली, नवी पैठणी, हातात हळदीकुंकवाचं ताट. तिनं फुटलेला आरसा बघितला. माझं तोंड बघितलं. अवनीच्या गालावरचा हात बघितला, आणि तिलाही ते बोट ओळखू आलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती धैर्यापाशी जाऊन बसली आणि पैठणीच्या पदरानं त्याचं नाक पुसायला लागली.

"सोड त्याला," ती अवनीला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पूस ते. आधी ते पूस, लोकांनी बघायच्या आत. घरातलं आहे, घरात बघू. तुझा भाऊ आहे तो."

फोन माझ्या हातात होता. बटण समोर होतं. मी अवनीकडं बघितलं. आता हो-नाही तिनंच म्हणायचं होतं. पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी परस्पर हो म्हणून बसले होते.

तिनं धैर्याचं नाक सोडलं. बोटं गाऊनला पुसली. लोंबणारा सायीचा तुकडा पुन्हा गालावर बसवला आणि तळव्यानं दाबला. पाच बोटांचा हात पुन्हा पुरा झाला.

"पुसू नका, ताई," ती म्हणाली.

मी बटण न दाबता बाजूला सारलं आणि पोलिसांना, एकशेबाराला, फोन लावला. नाव सांगितलं, हॉलचा पत्ता सांगितला, भावाचं नाव सांगितलं. आई माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "तू माझी नाहीस." मी म्हटलं, "असू दे." आत कुठंतरी तुटलं, पण फोन खाली ठेवला नाही.

अवनी दारातनं स्टेजवर गेली. सनई लावलेली होती, ती वाजतच राहिली. मागच्या पडद्यावर तिचा चेहरा आला, भिंतीएवढा. तो जांभळा हात माणसापेक्षा मोठा झाला. बडबड चालली होती ती पुढच्या रांगेपासून थांबत मागपर्यंत गेली. कुणाच्या तरी हातातली थाळी पडली.

धैर्याच्या अंगात अजून मस्ती होती. तो आईच्या हातून निसटून तिच्या मागोमाग धावला, माइक उचलला आणि हसला. नाकातनं रक्त गळत असताना हसला. "मंडळी, घाबरू नका. डॉक्टरीणबाईंना गोठ्यात म्हशीनं मारलंय. त्यात आता पाय घसरून पडली बिचारी."

पहिल्या रांगेतनं अवनीचे वडील उठले. पायऱ्या सावकाश चढले. गुडघे दुखतात त्यांचे. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग मागं वळून पडद्याकडं बघितलं, बराच वेळ. साखरपुड्याच्या बोलणीत ठरलं होतं की अंगठी मधल्या बोटात घालायची, कारण अनामिका अर्धी आहे. त्या दिवशी त्यांनी स्वतः त्याचं ते बोट हातात घेऊन बघितलं होतं, कसं झालं म्हणून मायेनं विचारलं होतं.

त्यांनी धैर्याचं उजवं मनगट धरलं. भाजलेला तळवा उघडला. तो ओढायला लागला, तर म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं कोपर पिरगाळलं आणि हात वर नेला, पोरीच्या गालापाशी, वळाला न लावता, बोटभर अंतरावर. पडद्यावर दोन्ही हात शेजारी दिसले. करंगळीशी करंगळी, अंगठ्याशी अंगठा, अर्ध्याशी अर्धं.

"म्हस," ते म्हणाले. माइक जवळच होता, सगळ्या हॉलला ऐकू आलं.

मग इंगवल्यांची भावकी उठली. स्टेजवर खुर्च्या आल्या. पहिली खुर्ची धैर्याच्या पाठीत बसली, तो पडला, त्याच्यावर माणसं पडली. फुलांची कमान कोसळली. कुणी बुटानं त्याच्या बरगड्यांत मारत होतं, कुणी डोकं जमिनीवर आपटत होतं, आमच्याकडचे काही मध्ये पडले तर त्यांचीही डोकी फुटली. अवनी ओरडत होती, "बाबा, थांबवा त्यांना, मरेल तो." तिचं कुणी ऐकलं नाही. आई कडेला उभी राहून ऊर बडवत होती.

मी त्या घोळक्यात शिरले. का, ते मला विचारू नका. लाथा मलाही बसल्या, आधीच मोडलेल्या बरगडीवर बसल्या. मी त्याच्या अंगावर आडवी पडले आणि शिव्या दिल्या, आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या तशा. "पोलीस येतायत, मीच बोलावलेत. आता मारलंत तर तुम्ही आत जाल आणि हा सुटेल." ते कुणाच्या तरी डोक्यात शिरलं असावं. माणसं धापा टाकत मागं सरकली.

तो कुशीवर पडला होता. एक डोळा मिटलेला. ओठ फाटलेले. त्यानं मला ओळखलं आणि उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. स्ट्रेटनरचे दोन लाल पट्टे, मध्ये पांढरं झालेलं कातडं.

"ताई, जळतंय गं," तो म्हणाला.

आवाज अगदी लहानपणचा होता. मी खांद्यावरची ओढणी काढली. गळ्याशी रक्त लागलेलं टोक बाजूला ठेवलं, स्वच्छ टोकानं त्याचा हात गुंडाळला, बोटं एकेक करून आत घेतली, ते अर्धं बोटही आत घेतलं. माझ्या डोळ्यांतनं पाणी खळत नव्हतं. त्याच्यावर माझी माया होती, आहे, ती कुठं जाणार?

"घरी ने मला," तो म्हणाला. "ताई, उचल ना मला."

पोलीस आले होते. एक बाई हवालदार पायऱ्या चढून आमच्यापाशी येऊन थांबली. अवनी तिच्या मागं उभी होती, गालावर तो रंग तसाच होता.

मी ओढणीची गाठ पक्की केली आणि त्याचा हात हवालदारबाईच्या हातात दिला.